पन्हाळ्याच्या पश्चिमेला शेळ्या की मेंढ्या? लोकरीचं काही मिळतं का?

उसातला_पोरगा

नमस्कार मंडळी. गाव पन्हाळा तालुक्यात, पश्चिम अंगाला. दोन एकर ऊस, त्याच्या वरच्या बाजूला 30 गुंठे पड आहे आणि विहिरीचं पाणी तिथवर पोचतं. उसाच्या बिलाची वाट बघत वर्ष काढायचं, त्याला कंटाळलोय. वडील म्हणतात म्हैस घे, दूध संकलन गावातच आहे. पण मला सकाळ-संध्याकाळ धारेला बांधून घ्यायचं नाही.

एका प्रशिक्षणाला जाऊन आलो. तिथं 50 शेळ्या बंदिस्त पाळायचा हिशोब फळ्यावर मांडला, तो बघून हरखून गेलो. मग शेडचं कोटेशन आलं आणि घरात सगळे गप्प झाले. आता मित्र म्हणतोय, मेंढ्या घे, मटणाचे पैसे येतात आणि वर लोकर फुकटात. म्हणून विचारतो:

शेळी की मेंढी? लोकरीचं उत्पन्न खरंच हातात येतं का? आणि सुरुवात किती जनावरांनी करू?

रस्सा_वाढ

पहिलं बोकड कधी निघणार ते सांगा, पातेलं घासून ठेवतो.

वाघर

लोकरीचं मी सांगतो. आमचं घर हातकणंगले तालुक्यात, बकरी (आम्ही मेंढरांनाच बकरी म्हणतो) राखण्यात तीन पिढ्या गेल्या.

भावा, आपल्याकडची मेंढी दख्खनी. तिची लोकर काळी, राठ आणि केसाळ. वर्षातून दोनदा कातरायची, पावसाच्या आधी आणि पाऊस उघडला की. दोन्ही कातरण्या मिळून एका मेंढीची अर्धा-पाऊण किलो लोकर निघते. ऑस्ट्रेलियाच्या मेरिनोची चार-पाच किलो निघते आणि तिच्या धाग्याची जाडी 24 मायक्रॉनच्या आत. आपल्याचा 30 च्या वर. त्याचं स्वेटर केलं तर घालणारा दिवसभर खाजवत बसेल. शिवाय काळ्या लोकरीवर रंग चढत नाही, म्हणून गिरणीवाला ती घेत नाही.

कातरायचं काम बघितलंय का कधी? आदल्या दिवशी ओढ्यात मेंढरं धुवायची. मग एकेक आडवी पाडायची, पाय बांधायचे आणि लोखंडी कातरीनं कातडीला लागून लोकर सोलल्यासारखी काढत जायची. मानेखाली आणि मांडीत कातडी सैल असते, तिथं हात हलका ठेवावा लागतो, नाहीतर चीर पडते. चिरेवर हळद दाबायची, नाहीतर माशी बसून किडे होतात. कातरणारा दिवसाची मजुरी घेतो, जेवण घेतो. लोकर विकून ती मजुरी निघाली तर वर्ष चांगलं गेलं म्हणायचं. कितीतरी कळपांची लोकर आता कातरून बांधावरच टाकतात.

म्हणजे कातरायचं ते लोकरीसाठी नाही, मेंढीसाठी. नाही कातरलं तर गोचीड-पिसवा होतात, उन्हानं धापा टाकते आणि खाणं तुटतं. फुकटाची लोकर म्हणणाऱ्या मित्राला एक दिवस आमच्याकडं कातरायला पाठव.

निवृत्त_मास्तर

वाघर यांच्याशी सहमत, पण लोकर अगदीच कवडीमोल म्हणू नका. तिला किंमत येते ती घोंगडं झाल्यावर. चार-पाच मेंढ्यांची वर्षाची लोकर एका घोंगड्याला लागते. पिंजायची, चरख्यावर सूत काढायचं, मग सणगराच्या, म्हणजे घोंगडी विणणाऱ्याच्या, खड्डा मागावर विणायचं आणि चिंचोक्याची खळ द्यायची. त्या खळीनं घोंगडं कडक होतं आणि पावसाचं पाणी वरच्या वर निथळतं. कोकराची पहिली कातरण, म्हणजे जावळ, तिचं घोंगडं मऊ आणि महाग. न विणता लोकर थापून-लाटून जे करतात ते बुरणूस. आता ते करणारे हात फार थोडे उरलेत.

सूत कातणाऱ्या म्हाताऱ्या गेल्या, माग मोडून सरपणात गेले, आणि रेनकोट बाजारात स्वस्त झाला. आज घोंगडं विकलं जातं ते शहरातल्या हौशी लोकांना आणि देवाला. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा, खारीक-खोबऱ्याबरोबर लोकरही उधळतात. ज्या मालाला देवाच्या अंगावर मान आहे त्याला बाजारात भाव नाही, असं आहे.

आकडाही बघा. 2019 च्या पशुगणनेत देशात शेळ्या 14 कोटी 88 लाख आणि मेंढ्या 7 कोटी 42 लाख निघाल्या. महाराष्ट्रात शेळ्या 1 कोटीच्या वर आणि मेंढ्या सुमारे 27 लाख. आपल्या राज्यात मेंढी मागं पडली त्यात लोकरीच्या या घसरणीचाही वाटा आहे.

वाघर

मास्तर, मागं पडली हे खरं, पण मेंढी मोडली नाही. ती अंग बदलतेय. पूर्वी मेंढा निवडताना बाप त्याच्या पाठीची लोकर मुठीत धरून बघायचा. आता बघतात ते अंग, लांबी आणि उंची. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी बघा: पोपटासारखं बाकदार नाक, लांब कान, पांढऱ्यावर तांबूस डाग आणि अंगावर लोकर जवळजवळ नाहीच. वजनाला दख्खनीपेक्षा केव्हाही भारी. आमच्या कळपातही आता माडग्याळचाच मेंढा आहे. लोकर गेली, मांस वाढलं.

आणि आमची तिसरी कमाई कुणी लिहिलीच नाही. शेतात बकरी बसवणं. सुगी झाली की रान मोकळं होतं. रात्री वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावून शेकड्यानं मेंढरं एका रानात बसवायची, सकाळी जागा बदलायची. लेंडी आणि मूत जिरलेल्या रानात पुढचं पीक कसं उठतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. त्याबद्दल शेतकरी धान्य देतो किंवा पैसे. काही कळपांना लोकरीपेक्षा यातच जास्त सुटतं.

उसातला_पोरगा

म्हणजे मेंढी घेऊ? माडग्याळ?

डॉ_खुरी

थांबा. तुमचं गाव पन्हाळ्याच्या पश्चिमेला आहे ना? मग मेंढीचा विषय जवळजवळ तिथंच संपतो.

कोल्हापूर जिल्हा पावसाच्या हिशोबानं दोन देशांसारखा आहे. गगनबावड्याकडं आभाळ फाटतं आणि शिरोळकडं माणूस पावसाची वाट बघतो. मेंढी कोरड्या माळाची. तुमच्याकडं जून ते सप्टेंबर जमीन सुकतच नाही. ओल्या जमिनीत खूर मऊ पडतात, खुरांच्या बेचक्यात जखम होते, मेंढी लंगडते. लंगडी मेंढी चरत नाही. अंगावरची लोकर भिजून राहिली की निमोनिया. पाणथळ गवतात गोगलगाई, आणि गोगलगाईंच्या वाटेनं पोटात जाणारे यकृताचे चपटे जंत. वाघर यांचे लोक पावसाळ्यात पूर्वेच्या कोरड्या पट्ट्यात जातात ते हौसेनं नाही.

तुम्ही शेळी करा. तीही जमिनीपासून तीन-चार फूट उंच, फटीच्या फळ्यांच्या माचीवर. लेंडी खाली पडते, खूर कोरडे राहतात आणि रात्री बिबट्याचा घोर कमी होतो. पावसाची झड ज्या बाजूनं येते ती बाजू बंद, बाकीच्या जाळीच्या. एका मोठ्या शेळीला 10 ते 12 चौरस फूट छताखाली आणि त्याच्या दुप्पट मोकळं अंगण. त्यासाठी लोखंडी सांगाडा, रंगीत पत्रे, गेटवर फार्मचं नाव असलं काही लागत नाही. जुन्या गोठ्यात बांबूची माची घातली तरी शेळीला चालतं. कोटेशन ज्यांनी दिलंय त्यांना चालणार नाही, एवढंच.

कागलची_काकी

डॉक्टर बरोबर बोलले. मी त्यात चाऱ्याचं घालते, कारण शेळ्या शेडमध्ये मरत नाहीत, गव्हाणीत मरतात.

मोठ्या शेळीला दिवसाला चार किलो हिरवं, किलोभर वाळकं, आणि गाभण-दुभतीला पाव किलोच्या आसपास खुराक. 50 शेळ्या म्हणजे रोज 200 किलो हिरवा चारा. वर्षाचे 73 टन झाले. तुझ्याकडं 30 गुंठे. चांगल्या पाण्याखतावर संकरित नेपिअर गवत एकरी 60 टन धरलं तर 30 गुंठ्यांत 45 टन, आणि तेही सगळ्या रानात नेपिअरच लावलं तर. नुसतं नेपिअर खाऊन शेळी वाढत नाही, तिला द्विदल पाला पाहिजे. शेवरी, सुबाभूळ, हादगा बांधाला लाव, दशरथ घास आणि लसूणघास रानात. ते नेपिअरएवढं टनावारी देत नाही. म्हणजे बाळा, तुझं रान 20 शेळ्यांचं आहे. त्यातही थोडं शिल्लक राहिलं तर उन्हाळ्याला मुरघास घाल, म्हणजे हिरवा चारा हवाबंद मुरवून ठेव.

आता तू म्हणशील, उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, आहे की. आपल्याकडं सगळे तसंच म्हणतात. तोडणीच्या दिवसांत वाडं फुकट मिळतं, म्हणून दुसरं काहीच टाकत नाहीत. त्यात ऑक्झलेट असतं, ते अंगातला कॅल्शियम धरून ठेवतं. शेळी दिसायला पोट भरलेली, पण दूध आटतं आणि माज लांबतो. वाडं कुट्टी करून थोडंच दे, चुन्याची निवळी शिंपड, खनिज मिश्रण चुकवू नको. सोबत सोयाबीनचं भुसकट नाहीतर भुईमुगाचा पाला. शेळीला आळीपाळीनं तोंड मारायची सवय, एकच वैरण दिवसभर पुढं ठेवली तर अर्धी पायाखाली तुडवते.

माणदेशी_गडी

काकी, हिशोब बरोबर, पण बंदिस्तच का? अर्धबंदिस्त करा. सकाळी चार-पाच तास डोंगराला सोडा, उरलेलं दावणीला. खुराकाचा खर्च निम्म्यावर येतो.

कागलची_काकी

राखणार कोण? त्याला म्हशीची धार नको झालीय आणि तुम्ही त्याच्या हातात काठी देताय.

माणदेशी_गडी

हे मात्र बरोबर. 😀 तरी सांगतो, काठी कमीपणाची नाही. कागल तालुक्यातल्या यमग्याचा बिरदेव डोणे 2025 मध्ये यूपीएससी पास झाला. निकाल आला तेव्हा तो बकऱ्यांमागंच होता.

उसातला_पोरगा

20 चं पटलं. जात कोणती? उस्मानाबादी की कोकण कन्याळ की बोअर? बोअरचे व्हिडिओ बघून डोकं फिरलंय.

डॉ_खुरी

उस्मानाबादी. काळी, काटक, जुळी देते, आणि दोन वर्षांत तीन वेत घेता येतात. गाभण काळ 150 दिवसांचा आहे, करडू तीन महिन्यांनी आईच्या दुधापासून तोडलं तर हे जमतं. कोकण कन्याळ दापोलीच्या कृषी विद्यापीठानं सिंधुदुर्गातून पुढं आणली. जास्त पावसाला ती चांगली टिकते. तुमच्या गावाला मी तीही नाकारणार नाही. पण आपल्याकडच्या बाजारांत उस्मानाबादी निवडून घ्यायला सोपी.

बोअर हे मांसाचं यंत्र आहे, त्यात वाद नाही. पण ते यंत्र चांगल्या चाऱ्यावर चालतं. पहिल्या वर्षी शुद्ध बोअरची मादी घेऊ नका. किंमत ब्रीडिंगची असते, मटणाची नसते. आज ज्या भावानं घ्याल त्या भावानं उद्या घेणारा नवखा शोधावा लागतो. तो सापडेपर्यंत ठीक. हवंच असेल तर दोन वर्षांनी एक बोअर नर आणून उस्मानाबादीवर संकर करा.

आणि मेंढीचं एक राहिलं. ज्यांचं गाव पूर्व भागात आहे त्यांनी फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेची नारी सुवर्णा बघावी. सुंदरबनच्या गरोळ मेंढीतला जुळ्यांचा जनुक दख्खनीत आणून ती केलीय. साधी दख्खनी एका वेताला एकच कोकरू देते. मांसाच्या धंद्यात दुसरं कोकरू हाच नफा असतो, पण आईला दोघांपुरतं दूध असेल तरच. म्हणजे परत चारा.

वाघर

खरेदीचं बोला डॉक्टर. पोरगं वडगावच्या नाहीतर आटपाडीच्या बाजारात जाणार आणि दलाल रुमालाखाली बोटं दाबून याला गुंडाळणार.

डॉ_खुरी

बाजारात शेळीचे चार भाग बघा. तोंड उघडून दात: समोरचे दोन मोठे दात आलेले म्हणजे दोन दाती, साधारण सव्वा वर्ष. चार दातीपर्यंत घ्या. सगळे दात जुळलेली शेळी स्वस्त मिळते, पण तिची वेतं दुसऱ्यानं खाल्लेली असतात. मग कास: दोन्ही सड सारखे, दाबल्यावर मऊ, गाठ नको. मग पाठ: कण्यावर तळवा फिरवा, हाडं करवतीसारखी लागली तर सोडा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं खाली ओढा. आतला भाग लालसर गुलाबी पाहिजे. फिका गुलाबी असेल तर जंत, खडूसारखा पांढरा असेल तर रक्त पिणाऱ्या जंतांनी शेळी पोकळ केलीय. हे पुढंही घरी दर पंधरवड्याला करा. सगळ्या कळपाला तारीख बघून औषध पाजत राहिलं की जंत औषधाला दाद देईनासे होतात. ज्यांची पापणी फिकी त्यांनाच द्या, आणि पावसाच्या आधी व नंतर लेंड्या तपासून घ्या. नुकत्याच गाभण राहिलेल्या शेळीला अल्बेंडाझोल देऊ नका, पोटातल्या करडाला धोका असतो.

आणलेल्या शेळ्या तीन आठवडे वेगळ्या ठेवा. लसी: पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा विषाणूजन्य रोग) तीन वर्षांतून एकदा, आंत्रविषार पावसाआधी आणि पहिल्यांदा देताना दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, लाळ्या-खुरकूत सहा महिन्यांनी. आंत्रविषारात पहिल्या पावसाचं कोवळं गवत भरपूर खाल्लेलं सगळ्यात तगडं करडू रात्रीत जातं. मालक म्हणतो कुणी करणी केली.

उसातला_पोरगा

आता मटणाचा हिशोब. 20 शेळ्या, दोन वर्षांत तीन वेत, म्हणजे 60 वेतं. वेताला दीड धरलं तर 90 करडं. बरोबर ना?

कागलची_काकी

फळ्यावर बरोबर. दोन-चार शेळ्या वेळेवर गाभण राहत नाहीत, एखादी गाभडते, म्हणजे गर्भ पडतो. आणि खरी गळती पहिल्या महिन्यात. व्यायल्यावर तासाच्या आत चीक पोटात गेला पाहिजे. नाळ दोन इंचावर कापून टिंक्चर आयोडीन. जुळ्यांतलं लहान करडू आईच्या पायाशी मागं पडतं, मोठं दोन्ही सड पितं. त्या लहानग्याला हातात धरून पाजणारं माणूस घरात पाहिजे. आमच्याकडं ते काम सासूबाई करतात, आणि खरं सांगायचं तर नफा त्यांचा आहे. तू 90 चे 65-70 धर. त्यातल्या चांगल्या पाटी, म्हणजे मादी करडं, कळपाला ठेव, बोकड विक.

रस्सा_वाढ

आता माझी पाळी. चेष्टा सोडून सांगतो, आमचं मंगळवार पेठेतलं घर खाटकाच्या ओळखीवर चाललंय.

कोल्हापूरला कवळं पाहिजे. 18 ते 20 किलोचं खच्ची बोकड, सात-आठ महिन्यांचं. त्याचं नऊ-दहा किलो मटण पडतं, वर मुंडी, पाय, वजडी, रक्ती वेगळी. त्याहून मोठं केलं तर ग्राहक नाक मुरडतो आणि खच्ची नसेल तर वास मारतो. शेळीची चरबी आतड्याभोवती बसते, मांसात कमी, म्हणून मटण कोरडं. मेंढीची कातडीखाली बसते, म्हणून रस्श्यावर तवंग जाड येतो. पांढऱ्या रस्श्याला शेळी, तांबड्याला कुणाचंही चालतं, असं आमचे काका म्हणायचे. यावर इथं भांडणं होतील, होऊ देत.

भावाचं विचारू नका. 2019 च्या शेवटाला मटणाच्या दरावरून या गावात आंदोलन झालंय, यावरून काय ते समजा.

डॉ_खुरी

वासाचं खरं आहे, दोन-तीन महिन्यांचा असताना बर्डिझो चिमट्यानं खच्ची करून घ्या. रक्त येत नाही, जखम नाही. एक-दोन चांगले नर मात्र ठेवा. 25-30 माद्यांना एक नर पुरतो, आणि तो दर दोन वर्षांनी बदला, नाहीतर बाप-लेकीचा संकर सुरू होतो.

खाटकाला देताना अजून एक. टेम्पोत कोंबून आणलेलं बोकड लगेच कापलं तर मांस काळपट, चिकट होतं आणि लवकर खराब होतं. घाबरण्या-थकण्यात स्नायूंतली साखर संपते, मग कापल्यावर आम्ल तयारच होत नाही. रात्रभर विसावा, पुढं फक्त पाणी, मग सकाळी. चांगले खाटीक हे करतात.

निवृत्त_मास्तर

अनुदानाचं विचारण्याआधीच लिहितो. राष्ट्रीय पशुधन अभियानात 100 माद्या आणि 5 नर यांचा गट आहे, 50 टक्के अनुदान, कमाल 10 लाख. धनगर समाजासाठी महामेष योजनेत 20 मेंढ्या आणि 1 मेंढानर, 75 टक्के अनुदान. अनुदानाच्या आकड्याला बसावं म्हणून कळपाचा आकडा ठरवू नये. शंभरची शेडं गावोगाव रिकामी दिसतात, त्यांत आता ट्रॅक्टर उभे असतात.

उसातला_पोरगा

20 ऐवजी 10 घेतो आधी. शेवरी आणि नेपिअर या पावसाळ्यात लावतो, शेळ्या दिवाळीनंतर. जुन्या गोठ्यातच माची. वडील विचारतायत, विकायचं कसं? दारात येणारा व्यापारी नगावर मागतो.

वाघर

नगावर देऊ नको. काटा घे, टांगायचा. व्यापारी बोकडाच्या पाठीवर हात ठेवून 'पंधरा किलो असंल' म्हणतो, काट्यावर ते अठरा भरतं. एकदा काटा दारात दिसला की तोच माणूस किलोचा भाव बोलायला लागतो. बकरी ईदच्या आधी दोन-तीन तगडे, डाग नसलेले, शिंग-कान शाबूत असलेले नर राखून ठेव. त्यांचा भाव वजनावर नसतो, देखणेपणावर असतो.

माणदेशी_गडी

आणि लेंडीखत विकू नको, स्वतःच्या उसाला घाल.

कागलची_काकी

दिवाळीनंतर घेतोस तर गाभण शेळ्या घेऊ नको, प्रवासात गाभडतात. दोन दातीच्या मोकळ्या घे. कागलकडं ये एकदा, शेवरीचं बी देते.